जुनं कार्ड काढायचंच!

प्रत्येक ऑफिसात जुन्या वायरींचा एक खोका असतो. तो कुणी भरत नाही, तरी भरतोच. आमच्या अनगोळच्या ऑफिसातल्या किश्शांचंही तसंच आहे!

आम्ही तिघं. वयानं मोठे अण्णा, टेस्टिंगवाली सुजाता आणि मी, मंगल. लेथ मशीनच्या कंट्रोलरची ऑपरेटिंग सिस्टीम आम्ही सांभाळतो. तिचा गाभा म्हणजे कर्नेल. मशीनमधल्या कुठल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाशी कसं बोलायचं हे त्याला ठाऊक. त्यात एका जुनाट कार्डाचा कोड होता, अण्णांनी तरुणपणी लिहिलेला. तो जुळवून घेण्यापायी प्रत्येक नवं व्हर्जन आठ दिवस अडायचं. मी चंग बांधला, हा कोड काढायचाच! अण्णांची अट एकच, "एक जरी मशीन जित्तं असंल, तर हात लावायचा न्हाय."

*

मी सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकला : हे कार्ड कुणी वापरतं का?

निपाणीहून लगेच फोन आला. "आम्ही न्हाय वापरत बगा. पर काढू नकासा."

"का हो?"

"असू दे की! तुमचं काय खातंय?"

*

खडेबाजारामागच्या एका वर्कशॉपवाल्यानं कळवलं, "आमचं चालू हाय." मी तडक गेले. मशीनवर पोतं, आणि कॅबिनेटमध्ये मांजरीची चार पिलं!

"चालू हाय म्हणालासा न्हवं?"

"मॅडम, पिलांचे डोळे उघडू द्यात. मग बंद म्हणून लिवा."

लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन खात्रीही केली!

*

एक दिवस सुजातानं टेस्टिंगचा कागद अण्णांसमोर धरला. "अण्णा, आपलं टेस्टचं कार्ड तर कधीच जळालंय. मग मागच्या दोन व्हर्जनला 'पास' कुणी लिवलं?"

"मी."

"कार्ड नसताना?"

"कोड माझा हाय गं. चालतोयच त्यो!"

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं.

*

शेवटी यादीत एकच नाव उरलं, काकतीचे आप्पा. वय ऐंशीच्या घरात. त्यांचं मशीन वर्षातून एकदाच सुरू होतं, खंडेनवमीला. मशीन जागं झाल्याशिवाय आप्पा पूजेचा नारळ फोडत नाहीत.

अण्णा खूश. "जित्तं हाय की!"

मीही हट्टाला पेटलेली. खंडेनवमीला नवं कार्ड पिशवीत घालून अण्णांना गाडीवर बसवलं आणि काकती गाठली.

आप्पांनी मशीनला झेंडू वाहिला, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. आप्पांनी हात जोडले. शेजारी अण्णांनीही जोडले.

मी मन घट्ट करून सांगितलं, "आप्पा, नव्या व्हर्जनमधून ह्या कार्डाचा कोड काढणार आहोत."

"म्हंजे फुडच्या वर्साला हे सुरू हुणार न्हाय?"

"होईल की. आत्ता आहे तेच व्हर्जन ठेवायचं. नवं घालायचं नाही. आणि नवं हवंच असेल, तर कार्डही पिशवीत आणलंय."

आप्पा आम्हा दोघांकडं बघतच राहिले. "पोरी, नवं मागितलंय कुणी?"

अण्णांनी पडद्यावरची हिरवी अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "मंगल, लॅपटॉप काढ."

तिथंच पोत्यावर बसून त्यांनी आपल्या हातानं लिहिलेली ओळ न् ओळ आपल्याच हातानं काढली. शेवटी चष्मा काढून पुसला.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"व्हय, झालं."

आप्पांनी मशीनपुढचा नारळ उचलून अण्णांच्या हातात दिला.

"मग ह्यो तू फोड."