सिस्टरांची खात्री

सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा सिस्टर आधी वास घेऊन मग तोंडात टाकायच्या. "तूप कुठलं वापरलंय कोण जाणे," हे भटजींच्या तोंडावर म्हणायच्या. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र मागून त्यावरचा फोटो त्याच्या चेहऱ्याशी ताडून बघायच्या. मुलुंड पूर्वेला आम्ही समोरासमोरच्या दारांत बावीस वर्षं राहिलो, पण मी नेलेली वाटी झाकण उघडून बघितल्याशिवाय त्यांनी कधी घेतली नाही. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे मीच झाकण काढून वाटी पुढे करू लागले.

सिस्टर म्हणजे पालिकेच्या हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात अख्खी नोकरी काढलेल्या नर्स. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. स्वतःच्या पगारातून घेतलेलं वन रूम किचन हीच काय ती इस्टेट. माणसांवर एवढा संशय का घेता, असं मी एकदा विचारलं, तर मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मेलेल्या बाईच्या अंगठ्याची शाई मी स्पिरिटने पुसलीय. एकदा नाही, तीनदा. आणि शाई लावणारे घरचेच होते गो." मी पुढची जुडी सोडली.

त्यांच्या दिराचा मुलगा संदेश बोरिवलीला राहतो. आधी तो गणपतीत तेवढा दिसायचा. काकीने सत्तरी ओलांडली आणि त्याला दर महिन्याला काकीची आठवण येऊ लागली. एका मे महिन्यात तो हापूसची पेटी घेऊन आला. पेटीसोबत सोसायटीचा नॉमिनेशनचा फॉर्मही होता, स्वतःच्या नावाने भरलेला, फक्त सही बाकी. "आंबे ठेव, फॉर्म घेऊन जा," सिस्टर म्हणाल्या. त्यातले दोन आंबे त्यांनी लगेच आमच्याकडे पाठवले. आम्ही दुसऱ्या दिवशी धडधाकट आहोत असं बघूनच त्यांनी बाकीचे कापले, असा माझा आजही संशय आहे.

त्याच आठवड्यात त्यांनी मला घरात बोलावलं आणि दार लावून घेतलं. "वकिलाकडे जाऊन आले. मी विल केलं नाही, तर हे घर सरळ त्या आंब्यांच्या पेटीला मिळतं." अंथरुणाला खिळलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या बायकांना सांभाळणारी एखादी संस्था शोधायची आणि घर तिच्या नावाने लिहून ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. "पण खात्री झाल्याशिवाय एक वीटही देणार नाही," हे त्या तीनदा म्हणाल्या. माझी मरोळची नोकरी सांभाळून मी त्यांच्याबरोबर रविवारी फिरू लागले.

त्यांची पद्धत वॉर्डात राउंड घेणाऱ्या नर्सची होती. आधी कळवायचं नाही, दान हा शब्द काढायचा नाही. एका म्हाताऱ्या नणंदेला ठेवायचंय, असं सांगायचं आणि संडास विचारून सरळ खोल्यांत शिरायचं. तिथे त्या कोणाचा चेहरा बघत नसत. चादर पायाकडून उचलून टाच बघायच्या. "चेहरा कोणीही पुसून ठेवतं. टाचेला जखम झाली की समज, कूस बदलायला कोणी येत नाही." एका ठिकाणी दारातच देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या होत्या आणि व्यवस्थापकांनी आम्हाला कोकम सरबत दिलं. सिस्टरांनी त्याला तोंडही लावलं नाही. तिथल्या तीन टाचा त्यांनी बघितल्या आणि जिना उतरताना एवढंच म्हणाल्या, "पाट्या रोज पुसतात."

दुसऱ्या एका ठिकाणी टाचा ठीक होत्या. मला वाटलं, सुटलो. पण मदतनीस बाई खोलीत आली की म्हाताऱ्या बोलायच्या थांबतात, हे सिस्टरांनी हेरलं होतं. तेही बाद. अशी सात-आठ ठिकाणं झाली तेव्हा माझा धीर सुटत चालला होता. त्या शोधत राहतील, एक दिवस डोळे मिटतील आणि संदेश कुलूपवाल्याला घेऊन येईल, हे चित्र मला दिसायला लागलं होतं.

गोवंडीला अशा बायकांसाठी चालवलेलं एक घर होतं, तिथे आम्हाला फाटकाबाहेर वीस मिनिटं उभं केलं. मग ओल्या हातांची एक बाई बाहेर आली. "आंघोळी चालल्यात. मदत करायची तर आत या, नाहीतर चारनंतर या." सिस्टरांनी पदर खोचला. तिथे एकीच्या टाचेला जखम होतीच. सिस्टरांनी नुसतं त्या बाईकडे पाहिलं. "चार दिवस झाले हिला आणून. जखम घरूनच घेऊन आलीय. आली त्या दिवशीचं लिहून ठेवलंय, बघा हवं तर." सिस्टरांनी ते वाचलं. मग पुढच्या चार महिन्यांत त्या सहा वेळा गेल्या. जखम भरत आलेली मीही पाहिली.

एका संध्याकाळी मी म्हटलं, "आता करून टाका ना सिस्टर." त्या चमकल्या. चिडल्या की त्यांच्या तोंडून मालवणी निघायचं. "तुका एवढी घाई कित्याक? थंय तुझा कोण असा?" तिथे माझं कोण असणार, म्हणत मी हसून सोडून दिलं. पण पुढच्या रविवारी मी एकटीच त्या घरी जुन्या चादरी द्यायला गेले, तेव्हा वॉचमनने सांगितलं, "त्या नर्सबाई तुमच्याबद्दल विचारत होत्या. इथे एकट्या येता का, ऑफिसात कोणाला भेटता का." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

नवव्या दिवशी त्या स्वतः आल्या. माफीबिफी काही नाही. "राग आला? येऊ दे. लबाड माणसाला राग येत नाही, तो गोड बोलून समजूत काढतो," असं म्हणून त्यांनी मला शुक्रवारी रजा टाकायला सांगितलं. विलवर साक्षीदार म्हणून मी आणि आमचे डॉक्टर. वकिलाच्या टेबलावर त्यांनी मजकुरावर वर्तमानपत्र पसरलं आणि सह्यांपुरती जागा उघडी ठेवली. घर कोणाला दिलं, हे मला तेव्हा कळलं नाही. गोवंडीलाही कळवलं नाही. त्यानंतरही त्या अधूनमधून तिथे अचानक जायच्या. "सही केली म्हणून डोळे मिटायचे काय? विल बदलता येतं."

दोन वर्षांनी सकाळी चहा करताना त्या कोसळल्या आणि संध्याकाळपर्यंत गेल्या. वकिलाने विल वाचलं. घर गोवंडीला दिलं होतं. त्या ओल्या हातांच्या बाईंना फोन गेला, तेव्हा नावावरून त्यांना आधी कोणाबद्दल बोलतोय तेच कळेना; तिथे त्या नुसत्या नर्सबाई होत्या. संदेश कोर्टात गेला. शेजारणीने आणि संस्थेने संगनमत करून म्हातारीला भुलवलं, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर एव्हाना वारले होते. साक्षीला मी एकटीच उरले होते.

संदेशचे वकील फार गोड बोलत होते. "बावीस वर्षांचा शेजार. त्यांचा तुमच्यावर पूर्ण विश्वास होता, हो ना? तुम्ही सांगाल तिथे त्या सही करणारच." मी हो म्हटलं असतं, तर त्यांना हवं ते मिळालं असतं. मी म्हटलं, "नाही. सिस्टरांचा माझ्यावर विश्वास नव्हता." मग वॉचमनचं सांगितलं, वर्तमानपत्राचं सांगितलं. जज्जसाहेबांनी ते टाइप करून घेतलं. त्याच्या प्रिंटवर मी सही केली.

घर गोवंडीला मिळालं. त्या दिवशी आमचे वकील बाहेर येऊन म्हणाले, "मॅडम, झकास साक्ष दिलीत." मी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मला रडू आवरेना. माझं ते 'विश्वास नव्हता' हे वाक्य खोटं असतं तर आम्ही केस हरलो असतो, हे मला कळत होतं. तरी मला ते खोटं असायला हवं होतं.