सारवलेला पाइप

माझ्या धाकट्या जावेएवढी मिरवणारी बाई आमच्या दवनीवाड्यात झाली नाही. नवे दात बसवले तेव्हा ती मयताच्या घरीही हसून आली. चष्मा मिळाला तर तो लावून, डोळे मिटून देवापुढे बसायची. नवरे दोघींचेही गेले, घरांमध्ये एक बोळ तेवढा. दुपारी गल्लीतल्या बायका लाखोळीची डाळ निवडायला माझ्याच ओसरीवर जमत, तीही येई. मागच्या उन्हाळ्यात तिच्या पोराने खोलीत एसी बसवला आणि माझी ओसरी रिकामी झाली. साऱ्या जणी सुपं घेऊन तिच्याकडे. एकदा तीच दारात आली.

"बाई, ये ना वं. काऊन गरमीत बसून राहिली?"

"मले थंडी सोसत नाही," मी घाम पुसत म्हटलं.

तिची दुसरी खोड सारवण्याची. शनिवारी भिंतीवर शेणाचा हात फिरल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नाही. एसीचा पाइप त्याच भिंतीवरून बाहेरच्या डब्यात जातो. तोही ती दाबून दाबून सारवू लागली. उघडा पाइप बरा दिसत नाही म्हणे. ऐन वैशाखात एसी गरम वारा फेकू लागला. गोंदियाचा मिस्त्री गॅस भरून गेला, तो आठवडाभरही टिकला नाही. पण हिने कबूल केलं नाही. दार लावून, अंगावर शाल घेऊन बसायची. बायका एकेक करून माझ्याकडे परतल्या. "भट्टीत बसली अन् वरून शाल घेऊन राहिली," असं एकीने सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पण ती काही आली नाही. माझ्या सुपातले खडे सुपातच राहू लागले, लक्ष सगळं तिच्या बंद दाराकडे. शेवटी मीच गेले. शाल घामाने भिजलेली.

"मरतं का वं तू?"

"मले थंडी वाजून राहिली," ती म्हणाली.

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. तो गळती शोधत होता, मी म्हटलं, आधी ते शेण खरवड. खरवडून त्याने साबणाचा फेस लावला, तर सायकलच्या पंक्चरसारखे जोडावर बुडबुडे. "अम्मा, पाइप को भी लीप दिया? दबा-दबाके जोड़ ढीला हो गया."

"भिंत सारवली तर पाइप कायले सोडू?" धाकटी म्हणाली.

जोड नवा बसला, खोली गार झाली, बायका पुन्हा तिकडे. परवा शनिवारी तिचं मनगट सुजलं. "बाई, तूच सारव वं. बाकीच्यांचा हात मले पटत नाही." भिंत सारवत पाइपापाशी आले. दोनचार शनिवार दाबून हात फिरवला असता तर यंदाच्याही वैशाखात सगळ्या माझ्या ओसरीवर असत्या, कदाचित तीही. थोडा वेळ शेणाचा गोळा हातात धरून उभी राहिले. मग वीतभर जागा सोडून पुढे सारवलं.

हात धुऊन आत गेले. खरंच गार होतं. तिने मला जवळ बसवलं, तीच शाल माझ्या अंगावर टाकली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या बाईले थंडी सोसत नाही."

माझं सूप तिकडे रिकाम्या ओसरीवर तसंच पडलं होतं.