बाबांचे रबरी मोजे

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन यवतमाळला झालं तेव्हा माझं लग्न ठरायचं होतं. आम्ही बाभुळगावचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. घरातले देव बाबांनी स्वतः टोपल्यात भरून नदीत सोडले होते. देव गेले, भीती मात्र आईनं ठेवून घेतली, आणि आम्हीही तिला कधी हटकलं नाही.

ऑपरेशननंतर बाबांच्या दोन्ही पायांत मांडीपर्यंत घट्ट रबरी मोजे चढवले होते. माणूस पडून राहिला की पायात रक्त साकळून गाठ होते, ती छातीत गेली तर माणूस हातचा जातो, असं डॉक्टरांनी आईला नीट समजावलं. "चालायला लागेपर्यंत काढायचे नाहीत, बाई." आईनं मान हलवली. तिच्या मान हलवण्याला काही अर्थ नसतो, हे आम्हाला ठाऊक. डॉक्टरांना कुठून असणार?

तिची नजर त्या पायांवरून हटेना. पांढरे, ताठ, एकमेकांना लागून. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या पायाचे अंगठे एकत्र बांधतात.

"जित्या माणसाचे पाय असे आवळून ठेवतेत काय? मले पाहवत नाही."

"काहून भेतं व? मोजे हायेत ते," बाबा म्हणाले. हसायला गेले आणि टाके दुखले म्हणून थांबले.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर मोजे आईच्या पिशवीत, आणि ती बाबांच्या पोटऱ्यांना तेल चोळून राहिलेली. मी चिडले. पिशवीकडे हात नेला तर तिनं ती मांडीखाली दाबून धरली. बाबाच म्हणाले, "राहू दे पोरी. रडून राह्यली होती ते."

नर्सबाई आल्या तेव्हा बाबांनी पायांवर चादर ओढून घेतली. मोजे आहेत ना, असं बाईंनी विचारलं, तर बाबा हो म्हणाले. मी तोंड उघडलं, तर डोळ्यांनीच दटावलं. देव नदीत सोडताना न कचरलेला माणूस, बायकोला बोलणी बसू नयेत म्हणून खोटं बोलला.

मग एका सकाळी बाबा उठून बसले, छातीत कसंतरी होतंय म्हणाले आणि खाटेवर कलंडले. डॉक्टर धावत आले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी चादर उचलली, उघडे पाय पाहिले, आईकडे पाहिलं आणि चादर परत टाकली. मला रडू आलं नाही. रागही आला नाही. हातातला डबा गरम होता, तेवढं कळत होतं.

घरी आणल्यावर बायका अंगठे बांधायला सुतळी घेऊन बसल्या. आईनं त्यांचे हात बाजूला केले. पिशवीतून मोजे काढले, बाबांचा एक पाय मांडीवर घेतला आणि मोजा चढवू लागली. थंड पायावर तो सरकेना.

"आता कायले व, माय?" कोणीतरी म्हणालं.

आईनं वर पाहिलं नाही. "चालाले लागेपर्यंत काढाचे नाही म्हणे डॉक्टर."

मी खाली बसले आणि दुसरा मोजा हातात घेतला.