बशी नसलेलं हॉटेल

आंबोलीच्या मोटार थांब्यासमोर मथुरेचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे आपलं म्हणायचं हो. चार वासे, वर गवत, पुढे दोन बाकं आणि चुलीवर कायम उकळणारा चहा. पण कुणी त्याला खोप म्हटलं की मथुरेचा पारा चढायचा आणि त्या माणसाच्या चहात साखर नेमकी कमी पडायची. नवरा महादू नाचणीच्या शेतात राबणारा, तोंडातून शब्द काढायला कंजूष. बोलायचं सगळं खातं मथुरेकडे होतं.

या हॉटेलात कप सात होते आणि बशी एकही नव्हती. 'बशी दी गो' म्हटलं की उत्तर ठरलेलं: 'बशी नाय. फुंकून पी.' आता घाट चढून आलेल्या गारठलेल्या माणसाला दम कुठला? चिडायचा, बोट भाजून घ्यायचा, शेवटी बाकावर बसायचा. ही बाई मुद्दाम छळते, अशी तिची ख्याती पार सावंतवाडीपर्यंत गेली होती.

मुद्दाम तर होतंच, पण त्याची सुरुवात साध्या अपघाताने झाली. पंचावन्न सालच्या श्रावणात फळीचा खिळा निसटला आणि सहाच्या सहा बश्या फुटल्या. पुढच्या बाजाराला नव्या आणू, असं ती म्हणाली. आठ दिवस ड्रायव्हर मंडळींना चहा निवेपर्यंत थांबावं लागलं. त्या आठ दिवसांत तिने हरिश्चंद्राचे हात पाहिले.

हरिश्चंद्र मसुऱ्याचा. वेंगुर्ल्याच्या दाजीशेटच्या तीन मोटारी बेळगावला जायच्या, त्यांतली एक बारा वर्षं हा चालवत होता. पहाटे निघायचं, घाट चढायचा, बेळगाव गाठायचं आणि दिवस मावळायच्या आत तोच घाट उतरायचा. वेळापत्रक शेटने स्वतः बसून केलेलं. त्यात आंबोलीला दोन मिनिटं होती. दोन मिनिटांत माणसाने पाय मोकळे करायचे की चहा प्यायचा? ड्रायव्हर उभ्या उभ्या बशीत चहा ओतून दोन भुरक्यांत संपवायचे आणि परत चाकावर.

त्याच वर्षी आषाढात, दाट धुक्यात, एका वळणावर हरिश्चंद्राच्या समोर अचानक बैलगाडी आली. त्याने ब्रेक दाबून धरला. पुढचं चाक कठड्यापासून वीतभर अलीकडे थांबलं. आत चाळीस उतारू पेंगत होते, त्यांना पत्तासुद्धा लागला नाही. शेटलाही कळलं नाही. कळलं एकट्या हरिश्चंद्राला, आणि तेव्हापासून घाट आला की त्याचे हात कापायला लागले. जेवण जाईना, झोप लागेना. बायको सावित्री विचारून थकली, तर 'काय नाय गो' एवढंच. कापऱ्या हाताच्या माणसाच्या ताब्यात कोण मोटार देईल? दोन पोरी लग्नाच्या होत्या.

मथुरेला हे त्याने सांगितलं नाही. पण कप त्याच्या हातात वाजायचा, तो तिला ऐकू यायचा. आणि तिने हेही पाहिलं, की बशी नसल्याने तो बसतो, कपाला दोन्ही तळवे लावतो, उतारूंच्या चार गप्पा ऐकतो, आणि उठतो तेव्हा कप वाजत नाही. तिला औषधपाण्यातलं काही कळत नव्हतं. ती बाजाराला गेली, मीठ आणलं, दोरी आणली आणि बश्या न घेता परत आली.

दोन वर्षं हे चाललं. मोटारी बेळगावला दहा मिनिटं उशिरा पोचायला लागल्या आणि एक दिवस दाजीशेट स्वतः आंबोलीला उतरला.

"मथुरा, तुझ्या चायपायी माझ्यो गाड्यो लेट जातत. बशी ठेवूक काय झाला तुका?"

मथुरेच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण शेटच्या मागे हरिश्चंद्र उभा होता, खाली मान घालून. खरं सांगितलं तर त्याची नोकरी आजच जाणार.

"फुटल्यो बश्यो," ती म्हणाली.

"दोन वर्सां झाली फुटान?"

"आळस केलंय शेटनू."

आळशी म्हणवून घेणं म्हणजे त्या बाईला काय झालं असेल! आयुष्यात तिला कुणी आळशी म्हटलं नव्हतं, आणि ते आज तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं. शेटने बजावलं, बश्या मी पाठवतो, पण पुढल्या सोमवारपासून मोटार दोन मिनिटांच्या वर थांबली तर थांबा इथून उचलून मैलभर पुढे नेईन. थांबा गेला की हॉटेल गेलं. मथुरा ती आख्खी रात्र कूस बदलत राहिली.

बश्या आल्या, चांगल्या डझनभर, निळ्या काठाच्या. सोमवारी शेट बेळगावहून परतीच्या मोटारीत, हरिश्चंद्राशेजारी पुढच्या सीटवर बसून, हातात घड्याळ धरून आला. त्या दिवशी धुकं असं पडलं होतं की मोटारीचं नाक दिसेना. मथुरेने कपाखाली बशी ठेवून हरिश्चंद्रापुढे धरली. तिला वाटलं, संपलं सगळं.

हरिश्चंद्राने बशी घेतली, उचलून कपावर झाकण म्हणून ठेवली आणि बाकावर बसला. पलीकडे घाट चढून आलेल्या शेटच्याच दुसऱ्या मोटारीचा ड्रायव्हर बाळा होता. त्यानेही ते बघून आपली बशी कपावर झाकली. झाकलेला चहा आणखीच निवेना. शेट घड्याळाकडे बघतोय, चहाकडे बघतोय.

"ह्यो काय खेळ मांडलास रे?"

हरिश्चंद्र उठला नाही. "शेटनू," तो म्हणाला, "माझे हात कापतत. दोन वर्सां झाली. हंय धा मिनटां बसलंय की थांबतत. नाय बसलंय तर घाट उतरूक माका भय वाटता. काढूचा तर काढा, पण लोकांका घेवन तसो मी उतरूचंय नाय."

झालं, बोलून गेला. मथुरेला चुलीचा जाळसुद्धा दिसेनासा झाला.

शेट मथुरेकडे वळला. "तुका ठावक होता?"

"होता."

"मगे माका सांगलंस कित्या नाय?"

"सांगलंय असता तर तो घराक गेलो असतो."

शेट माणूस कडक होता, पण खोटा नव्हता. "गेलो असतो," तो म्हणाला. "खरा आसा."

तेवढ्यात बाळाने घसा खाकरला. "शेटनू, माझे हात कापणत नाय," तो म्हणाला. "पण घाट उतरलो की माका वकारी येतत. रोज." आणि तिसऱ्या मोटारीचा भाई रात्री झोपेत ब्रेक दाबतो, बायकोला लाथा बसतात, हेही त्यानेच सांगून टाकलं. उतारूंत कुणीतरी फिसकन हसलं. शेटला हसू आलं नाही. तो आताच त्या धुक्यातून पुढच्या सीटवर बसून आला होता आणि मथुरेने दिलेला चहा त्याच्याच हातून धोतरावर सांडला होता.

"तिघांकय काढलंय तर गाड्यो काय माझो बापूस हाकतलो?" तो म्हणाला. मग खिशातून पेन्सिल काढून वेळापत्रकात आंबोलीपुढचा दोन खोडला आणि दहा केला. "चढताना धा, उतरताना धा. आणि हरी, आठ दिवस घराक जा. पगार देतंय. परत येवन चालव."

हरिश्चंद्राने डोळ्यांवर पंचा धरला आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही. बारा वर्षांत त्याने आठ दिवस सलग मसुरं पाहिलं नव्हतं. पुढे त्याने आणखी नऊ वर्षं तोच घाट चालवला, आणि त्याच्या दोन्ही पोरींच्या लग्नात मथुरेला मानाचं लुगडं होतं.

पण त्या सोमवारी निघायची वेळ झाली तेव्हा मथुरा रिकामे कप गोळा करायला वाकली आणि तिचे पायच उचलेनात. लटपटायला लागले. ती बाकावर मटकन बसली. थांबा जाणार, हॉटेल जाणार, हरी जाणार, हे आठवडाभर छातीवर धरून ठेवलेलं सगळं आता पायांतून बाहेर पडत होतं. उतारू मोटारीत चढले होते, कंडक्टरने घंटी दिली.

हरिश्चंद्र चुलीपाशी गेला. त्याने कपात चहा ओतला आणि तिच्या हातात दिला.

"मोटार सुटात तुझी," मथुरा म्हणाली.

"खंय जाता मोटार?" तो तिच्या शेजारी बसत म्हणाला. "ड्रायव्हर हंय आसा. तू निवांत पी."