नव्या लायब्ररीचं बारसं

लग्न होऊन मी बारामतीहून अंथुर्ण्याला आले, तेव्हा थोरल्या जावेचं आणि माझं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, नवं नाव सुचवलं आणि ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ते लिहिलं गेलं. पाच वर्षं झाली, त्या नावानं हाक आली की अजूनही माझ्या कपाळावर आठी पडते. मला माझं नाव परत हवं होतं, पण मागायचं कुणाकडे?

मी घरून वेबसाइट बनवते. गावच्या दूध संस्थेची साइट माझ्याकडे आली. आबाच तिथले चेअरमन. आधीच्या माणसानं एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, वापरली होती. तिला बोलवायचं टोपणनाव नुसतं डॉलरचं चिन्ह. मी कॅलेंडरसाठी दुसरी आणली, तर तिचंही टोपणनाव तेच. मागून आलेलीनं ते बळकावलं, आणि नेमके संचालक आमच्या ओसरीवर साइट बघायला बसलेले असताना पान कोरं पडलं.

मी कारण सांगितलं. आबा म्हणाले, "त्यात काय हाय? नवी आली तिनं नाव सोडायचं."

"पर नवं काय ठिवायचं?" शेजारचे तात्या म्हणाले. झालं, पंचांग आलं. लायब्ररी जन्मली कधी, वेळ काय, हे मला विचारून झालं. तात्यांना 'स'वरून नाव हवं, आबांना 'ग'वरून. अर्ध्या तासात दोघे हमरीतुमरीवर आले. माझ्या वेळी यांना दोन मिनिटं पुरली होती. मला हसू येत होतं आणि संतापही.

शेवटी मी म्हणाले, "आबा, तिला जन्मापासूनचं पूर्ण नाव आहे. टोपणनाव जुनीकडे राहू दे, नवीला पूर्ण नावानं बोलवू. एक ओळ लिहायची फक्त." ती लिहिली. पान उघडलं आणि दोघी गुण्यागोविंदानं नांदायला लागल्या.

आबा स्क्रीनकडे बघतच राहिले. "म्हंजी म्हायेरचं नाव ठिवूनबी चालतं व्हय?"

"चालतं, आबा."

ते विचारात पडले.

"लय सोपं हाय की," आबा म्हणाले, "लोक उगंच बदलत बसत्यात."

मग त्यांनी स्वतःच ठेवलेल्या नावानं मला हाक मारली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला.