वर्षाराणीनं काढलेली नोंद

सिरसाळ्याच्या आमच्या वसतिगृहात वर्षाराणीइतकी तोंडाळ कारकून दुसरी झाली नाही. मी तिथं गणित शिकवतो, आणि तिच्याशी बोलताना मीसुद्धा शब्द मोजून वापरतो. तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा ती याच वसतिगृहात पाच वर्षं राहिली. पुढं बी.सी.ए. करून इथंच नोकरीला आली. नम्रपणा मात्र कुठंच शिकली नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतात. त्याआधी पोरांचे प्रवेश उरकावे लागतात, आणि दोन वर्षांपासून अर्ज वेबसाइटवर भरायचा असतो. गेल्या सप्टेंबरात मोबाइलवर वेबसाइट उघडली, की ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना यायला लागली. त्याखाली आधार नंबर मागितलेला. लिंक दाबली की खातं साफ होतं, एवढं आता वाड्यावस्त्यांवरही कळलेलं. दहा दिवसांत नऊच अर्ज आले. बायनाबाई नावाची एक तोडकरीण आठ कोस चालून आली आणि म्हणाली, “मोबाइलच नको म्हनतोय बाई, मंग आमी कसं भरावं?”

उपाय सोपा होता. वेबसाइटला एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे ती खरी आणि सुरक्षित असल्याचा दाखला, लावायचं. ते देणाऱ्या कंपनीची अट एकच : वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, तुमच्याच ताब्यात आहे हे सिद्ध करा. प्रत्येक डोमेनची डीएनएस नोंदींची एक यादी असते; ते नाव टाकलं की कुठल्या सर्व्हरवर जायचं, हे त्या यादीवरून ठरतं. कंपनीनं दिलेली अक्षरं त्या यादीत नवी नोंद करून टाकायची, बस. पाच मिनिटांचं काम.

पण यादीचा पासवर्ड रामेश्वरकडं होता. रामेश्वर आमच्या संस्थेचे अध्यक्ष भगवानराव यांचा भाचा. माजलगावात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. वेबसाइट त्यानंच बनवली होती आणि डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन ठेवलं होतं.

वर्षाराणीनं माझ्यासमोरच त्याला फोन लावला.

“पासवर्ड कावून पायजे तुला?”

“नोंद टाकायचीय.”

“मला पाठव, मी टाकतो. कारकुनानं कारकुनावानी राहावं.”

तिनं अक्षरं पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यानं ‘टाकली’ म्हणून कळवलं. कंपनीनं प्रमाणपत्र नाकारलं. असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी रामेश्वर मामाला म्हणाला, “तिला काय बी येत न्हाई. दुसरं मानूस बघा.”

भगवानरावांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. हजेरीपट घेऊन मीही तिथंच होतो. वर्षाराणीनं लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर सरकवला.

“साहेब, नोंद लिहायला पासवर्ड लागतो. वाचायला लागत न्हाई. जगात कुनीबी वाचू शकतं. नावाच्या रकान्यात निस्ता पुढचा तुकडा टाकायचा असतो. डोमेन आपोआप जोडलं जातं. यांनी पूर्ण नाव टाकलं, म्हनून डोमेन दोनदा लागलं. कंपनी शोधती एका जागी, नोंद पडली दुसऱ्याच.”

“सर्व्हर खराब हाय तुमचा,” रामेश्वर म्हणाला.

“तसा मी दोनदा मेसेज केलता. तुमी वाचलाय. निळी खूण हाय.”

“आता बाईमानसानं मला शिकवायचं का?”

भगवानरावांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण एकाच ओळीत संस्थेचं नाव दोनदा आलेलं त्यांनाही दिसलं. “राम्या,” ते म्हणाले, “पासवर्ड दे.”

रामेश्वरनं कागदावर पासवर्ड खरडला आणि कागद तिच्या पायाशी फेकला.

“उचलून द्या,” वर्षाराणी म्हणाली.

तो हलला नाही. तीही हलली नाही. शेवटी कागद मीच उचलला. त्याबद्दल ती माझ्यावर अजून चिडून आहे.

तिनं आधी सगळ्या नोंदींची प्रत छापून घेतली, मग चुकीची नोंद काढून बरोबर टाकली. अर्ध्या तासात प्रमाणपत्र आलं. संध्याकाळपर्यंत मोबाइलवरची सूचना गेली होती. तिथंच थांबायला हवं होतं. पण त्या यादीत तिला आणखी एक नोंद दिसली. आमच्याच डोमेनच्या पुढं ‘अल्बम’ जोडून रामेश्वरनं गिऱ्हाइकांच्या लग्नांचे फोटो ठेवले होते.

“राहू दे,” मी म्हणालो.

“कावून?” तिनं विचारलं, आणि नोंद काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरं जेवायला बसलेली असताना, रामेश्वर अंगणात येऊन ओरडायला लागला. फोटो उघडत नाहीत म्हणून सकाळपासून गिऱ्हाइकं त्याला फोनवर शिव्या घालत होती. मला बघून म्हणाला, “मास्तर, कुठंय बे ती? धंदा बसवला माझा!”

वर्षाराणी पायरीवर आली. “मीच काढली. संस्थेच्या नावावर तुला दुकान मांडायला कुनी सांगितलतं?”

त्यानं हात उगारला. भगवानरावांनी मागून येऊन तो धरला, पण लगेच तिच्याकडं वळले. “तुला नोंद टाकायला सांगितलती, काढायला न्हाई. लाव परत.”

“लग्नवाल्यांचा काय गुन्हा न्हाई,” ती म्हणाली. “आठ दिवसांसाठी लावते. नवव्या दिवशी काढनार.”

छापलेल्या प्रतीवरून तिनं नोंद जशीच्या तशी लावली. रामेश्वरनं स्वतःचं डोमेन घेऊन फोटो तिकडं हलवले, तेही सातव्या दिवशी, शिव्या देतच. नवव्या दिवशी सकाळी तिनं नोंद काढली.

दसऱ्यापर्यंत एकशे बासष्ट अर्ज आले. बायनाबाईची दोन्ही लेकरं आता माझ्या वर्गात आहेत. भगवानरावांनी डोमेन संस्थेच्या नावावर करून घेतलं. पण वर्षाराणीला नोकरीत कायम करायचा कागद अजून सही न होता त्यांच्या टेबलावर पडून आहे. ती विचारायला जात नाही, आणि ते विषय काढत नाहीत.

सव्वीस जानेवारीला कर्मचाऱ्यांचा फोटो काढला. कॅमेरा रामेश्वरचा होता. त्यानं एकेकाला नावानं हाक मारून रांगेत उभं केलं, तिला सोडून. ती ऑफिसच्या दारातून बघत होती. मी हातानं ये म्हणून खुणावलं, तर तिनं दार लावून घेतलं.