कोपऱ्यातला आडवा ग्लास

ड्रॉइंगबाई जेवायला बसली की ग्लासात बोट बुडवून टेबलावर पाण्याच्या रेघा काढायची. भाजी येईपर्यंत हे चालायचं. आधी मधोमध एक आडवी रेघ, लांब, मग टिंब, मग पुन्हा लांब. बाकीचं सगळं त्या रेघेच्या दोन बाजूंना. मी फडका घेऊन आले की म्हणायची, "थांबा मावशी, वाळेल आपोआप." वाळायचंही. पण ओल्या टेबलावर पुढचं गिऱ्हाईक बसत नाही, म्हणून मी पुसायचेच.

बोईसरला माझी खानावळ आहे. एमआयडीसीतली माणसं जेवतात, मागची खोली मी भाड्याने देते. ही बाई कराडकडची. माझा मुलगा नितीन ज्या कारखान्यात मशीन चालवायचा, तिथेच ती मशीनवर बनणाऱ्या भागांची ड्रॉइंग काढायची, म्हणून त्यानेच तिला खोली दाखवायला आणली. उंच, काटकुळी, चष्मा दोरीने गळ्यात. खोली बघून पहिलं वाक्य बोलली ते असं, "ही भिंत काटकोनात नाही." मी म्हटलं, "मग नको घेऊ." तिने घेतली. गोड बोलणं तिला जमायचं नाही, मला तर कधीच जमलं नाही. आमचं बरं चाललं.

ड्रॉइंगवर शब्द कमी आणि खुणा जास्त असतात, हे मला तिच्यामुळे कळलं. गोलाला तिरपी काट मारली की ते भोकाचं माप. एका कोपऱ्याची गोलाई लिहून पुढे इंग्रजीत 'टिपिकल' हा शब्द तीन अक्षरांत तोडून लिहिला, की तसल्या सगळ्या कोपऱ्यांना तेच समजायचं, पुन्हा पुन्हा लिहायचं नाही. ही सवय तिच्या तोंडालाही लागली होती. "मावशी, पोळी कडेला कच्ची आहे. टिपिकल." म्हणजे सगळ्याच पोळ्या कच्च्या. जेवणाऱ्यांनी हे उचललं. एक बिहारचा वेल्डर रोज म्हणायचा, "मौसी, दाल पतली है, टिपिकल." मी त्याला म्हणायचे, "पातळ लागते तर वाटी तोंडाला लाव, चमचा कशाला मागतोस?"

तिच्या प्रत्येक कागदावर एक ताकीद असायची. कागदाला पट्टी लावून माप घेऊ नका, लिहिलेला आकडा तेवढाच खरा. समोरची सुमन एकदा तिचं लग्न जमवायला बसली. "दिसतेस तशी तीस-बत्तीसची, माझ्या बघण्यात एक चांगला हाय," म्हणाली. ड्रॉइंगबाईने घास गिळला आणि म्हणाली, "पट्टी लावू नका. एक्केचाळीस." सुमन त्यानंतर तो विषय घेऊन आली नाही.

मासे तिला खाता यायचे नाहीत, काट्याला घाबरायची. पण मी सुरमईच्या तुकड्या पाडायला बसले की समोर पाटावर येऊन बसायची. एक तुकडी उचलून म्हणाली, "हा सेक्शन. कापल्याशिवाय आत काय आहे ते दाखवता येत नाही. आम्ही कागदावरच कापतो, आणि कापलेल्या जागी तिरप्या रेघा मारतो." मी म्हटलं, "कागदावर कापलेलं शिजत नाय गो बाय. तो कोथळा फेकून ये." फेकून आली.

आमचं खरं भांडण एकदाच झालं, ते फळ्यावरून. दाराशी मी फळा लावलाय, सकाळी त्यावर भाजी लिहिते. एकदा वांगं लिहिलं आणि चिरायला घेतलं तर सगळं किडकं. पुसून दुधी लिहिला. ती संध्याकाळी आली आणि फळ्यासमोर उभी राहिली.

"सकाळी वांगं होतं."

"होतं. पुसलं."

"पुसायचं नसतं, मावशी. खोडायचं, बाजूला छोटा त्रिकोण काढायचा, आणि खाली लिहायचं काय बदललं, कोणी, कधी."

"दुधी खायचा तर खा. फळा माझा हाय."

"सकाळी वाचून गेलेल्याने बरोबर वाचलेलं असतं. तुम्ही पुसलंत की तो खोटा पडतो."

मी तिच्या ताटात दुधी वाढला आणि आत गेले. बाहेर वेल्डर हसत होता.

कारखान्यात खराब झालेले छापील कागद ती मला आणून द्यायची. मी ते मांडणीवर डब्यांखाली घालायचे. डबे पुसताना एक गोष्ट मला दिसली. प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट, आणि त्यात तेच चित्र. आडवा पडलेला ग्लास, शेजारी एकात एक दोन गोल. मी विचारलं, "हा ग्लास कशाला काढतेस गो सगळीकडे?"

तिने टेबलावरचा स्टीलचा ग्लास आडवा केला, बूड डावीकडे. "बाजूने बघितलं की असा उतरता दिसतो. बुडाकडून बघा. काय दिसतं?"

"बूड."

"आणि त्याच्याभोवती?"

"तोंडाची कड."

"म्हणजे लहान गोल, बाहेर मोठा गोल. आता हे डावीकडून बघितलेलं चित्र कागदावर कुठे काढायचं? आपल्याकडे उजवीकडे काढतात. अमेरिकेकडे डावीकडेच ठेवतात. दोन्ही बरोबर. पण कुठल्या रीतीने काढलंय ते या ग्लासावरून कळतं. ते कळलं नाही तर भोक उलट्या बाजूला पडेल."

चौथी शिकलेल्या बाईला हे कळलं, म्हणजे नीट सांगितलं होतं.

पुढे नेमकं तेच झालं. कारखान्याला अमेरिकेकडच्या ड्रॉइंगवरून एका ब्रॅकेटचं काम मिळालं. नितीनने सगळा लॉट मशीनवर काढला. माल तपासला तेव्हा कळलं, प्रत्येक ब्रॅकेटचं भोक उलट्या बाजूला. सगळं भंगार. शेठने नितीनला घरी पाठवलं, "ड्रॉइंग वाचता येत नाही तर मशीनला हात लावू नको" म्हणून. एमआयडीसीत अशी गोष्ट लपत नाही. लॉट घालवणारा म्हणून एकदा नाव झालं की दुसऱ्या गेटवरही कोणी उभं करत नाही. नितीनचं नुकतंच लग्न ठरलं होतं. तो दुपारभर मांडणीला टेकून बसला होता आणि मी त्याच्या अंगावरून डबे काढत-ठेवत होते, कारण जेवणाऱ्यांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

संध्याकाळी ड्रॉइंगबाई आली. हातात तेलाचे डाग पडलेला कागद. टेबलावर पसरला.

"नितीन, मशीनवर हाच होता?"

"हो मॅडम."

"कोपरा बघितलास?"

"नाय. तुमचं ड्रॉइंग म्हटल्यावर काय बघायचं? नेहमीसारखं वाचलं."

"बरोबर वाचलंस." मग माझ्याकडे वळली. "मावशी, ग्लास नाही."

मी बघितलं. चौकट होती, आत काही नव्हतं. बाहेरच्या ड्रॉइंगवरून काढताना तिने चित्रं तिकडच्या रीतीने होती तशीच ठेवली आणि खूण घालायची राहिली. खाली दोन रकाने, कोणी काढलं आणि कोणी तपासलं. दोन्हींत तिचंच नाव.

मी म्हटलं, "मग आता घाल."

"शेठही तेच म्हणाला. कॉम्प्युटरवर घालायचा, नवा कागद छापायचा, हा फाडायचा. मग कस्टमरला सांगायचं, ग्लास होता, ऑपरेटरला वाचता आला नाही."

"आणि तू काय म्हणालीस?"

"घालते म्हणाले." तिने कागदाची घडी घातली. "पण त्रिकोणासकट."

त्या दिवशी ती जेवली नाही. मीही आग्रह केला नाही. माझ्या पोराचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली होती ती तिच्यामुळेच, हे मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने ग्लास घातला, शेजारी त्रिकोण काढला, आणि वरच्या तक्त्यात लिहिलं की खूण राहिली होती ती आता घातली. खाली आपलं नाव, तारीख. बदललेला कागद कस्टमरकडे पाठवावाच लागतो, तो तिने स्वतः पाठवला. त्रिकोण म्हणजे आधी ग्लास नव्हताच, चूक कागदाची; कस्टमरला काही विचारायची गरज उरली नाही. नुकसान शेठच्या अंगावर आलं. नितीनला परत बोलावलं.

तिला शेठने लगेच काढलं नाही. नवा माणूस मिळेपर्यंत थांबवलं, त्याला सगळं शिकवायला लावलं, मग जा म्हणाला. ती रोज उशिरापर्यंत थांबून शिकवायची. मला राग आला.

"तुला हाकलतोय आणि तू त्याच्या माणसाला शिकवतेस?"

"त्याने काढलेलं नितीनच वाचणार ना," ती म्हणाली. "आज पोळ्या बऱ्या आहेत."

"टिपिकल?"

"तीन. चौथी कच्ची."

नितीन आता दुसऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कागद हातात आला की आधी कोपरा बघतो. ग्लास नसेल तर मशीन सुरू करू देत नाही, मग कोणी कितीही ओरडो. मशीनवरची पोरं त्याला मागून ग्लासशेठ म्हणतात. म्हणू देत.

ड्रॉइंगबाई गेली तो दिवस कामाचा होता, मी स्टेशनवर गेले नाही. दुपारच्या जेवणांची वेळ होती. नितीन बॅग घेऊन रिक्षात बसला. मी तिला जवळ्याची चटणी बांधून दिली. डबा हलवून बघत ती म्हणाली, "याला काटा नाही." मी म्हटलं, "म्हणूनच दिली."

सकाळी मी फळ्यावर गवार लिहिली होती आणि गवार जून निघाली होती. ती पायरीवर चपला घालत होती तेव्हा मी फडका उचलला, आणि पुन्हा खुंटीला लावला. खडूने गवारीवर रेघ मारली. बाजूला त्रिकोण काढला, तो वाकडा आला. खाली लिहिलं, गवार जून, भोपळा केला, आणि माझं नाव.

तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. सगळं वाचलं.

"तारीख राहिली, मावशी," म्हणाली आणि रिक्षात बसली.

मी तारीख घातली.